समुद्रकाठचे दोन दिवस



घाटावरचे एखादे कुटुंब शनिवार-रविवारी दापोली तालुक्यातील बुरोंडीस येते : आईवडील, आजी व पाच वर्षांची मुलगी. शनिवारी त्रयोदशी आहे असे समजू. सकाळी पावणेदहाच्या सुमारास भरती पूर्ण होते आणि जेथवर पाणी पोचले तेथे वडील एक काठी रोवतात. दुपारी ओहोटीच्या ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसू लागते. इवले खेकडे वाळूतील अन्नकण वेचून खातात व उरलेल्या वाळूच्या गोळ्या बिळाभोवती टाकतात, हे मुलगी उकिडवी बसून स्वतः पाहते.

रविवारी त्याच वेळी ती काठीपाशी धावते. पाणी अजून खालीच असते. "आजी, आज समुद्राला उशीर झाला का?" ती विचारते.

मोठी माणसे हसतात. परंतु प्रश्न अगदी यथार्थ आहे. पृथ्वीची एक फेरी पुरी होईपर्यंत चंद्र आपल्या मार्गावर थोडा पुढे गेलेला असतो. त्याच्यासमोर पुन्हा येण्यास पृथ्वीला सुमारे ५० मिनिटे अधिक फिरावे लागते. म्हणून भरतीही तितकीच मागे पडते.

किनाऱ्यावरच्या माणसांस हे पुस्तकावाचून ठाऊक आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची स्थूल वेळ मिळते, हा त्यांचा जुना हिशेब. त्रयोदशीस पावणेदहा, चतुर्दशीस साडेदहा. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग मच्छीमाराचे मूल घरातच शिकते. तेच मूल वर्गात पाऊणकीच्या पाढ्यास अडखळले, तर त्यास मंद म्हणावे काय? त्याच्या घरचे ज्ञान शाळेच्या उंबरठ्याबाहेर राहिले, एवढाच त्याचा अर्थ.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. मुलाभोवतीच्या साध्या वस्तूंतूनच शिक्षण घडावे, हा त्या कार्याचा गाभा होता. किनाऱ्यावरील शाळेस शिंपले, वाळू व भरतीची रेषा यांहून स्वस्त साहित्य कोणते?

मात्र सावधगिरी हवी. हा हिशेब स्थूल आहे. त्याच्या भरवशावर मुलांस पाण्यात उतरवू नये. निघण्यापूर्वी गावातील जाणत्या मच्छीमारास विचारावे. भरती चढत असता खडकांवर जाऊ नये, कारण परतीची वाट पाण्याखाली जाते. ओहोटीचे पाणी आत ओढते. पावसाळ्यात निरीक्षण दुरूनच करावे.

उद्या सकाळी फळ्यावर तिथी लिहावी व मागच्या बाकावरील अबोल मुलास विचारावे, "आज भरती किती वाजता?" त्याचे उत्तर तिथीशेजारी लिहावे, आणि शाळा सुटल्यावर सर्वांनी मिळून ते किनाऱ्यावर ताडून पाहावे.