सासर, माहेर आणि मधला समुद्र

मुलगी सासरी गेली म्हणून तिचे माहेर तुटत नाही. सणावाराला, बाळंतपणाला, आईवडिलांच्या दुखण्याखुपण्याला ती येणार, असे दोन्ही घरे धरूनच चालतात. साताऱ्याची मुलगी पुण्यास दिली असेल, तर एस.टी.चे तिकीट काढले की काम झाले. परंतु सासर मेलबर्नला किंवा सिडनीला असले, म्हणजे या साध्या येण्याजाण्याच्या आड समुद्राखेरीज आणखी एक गोष्ट उभी राहते. ती म्हणजे परक्या राज्याचा कायदा. पतीच्या किंवा पत्नीच्या नात्याने ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्य मागणाऱ्या माणसाने प्रवास केव्हा आणि कसा करावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या प्रश्नाला जुना इतिहास आहे. ऑस्ट्रेलियाने १९०१ साली स्थलांतर निर्बंधाचा कायदा केला आणि युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांचा उतारा लिहून दाखविण्याच्या परीक्षेचे निमित्त करून गौरेतर लोकांस दार बंद केले. १९१८ साली लंडन येथे भरलेल्या साम्राज्य युद्ध परिषदेत असे ठरले, की वसाहतींत कायमचे राहणाऱ्या हिंदी लोकांस आपली पत्नी व अज्ञान मुले तेथे नेता यावीत. पुढे १९२२ साली पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री ऑस्ट्रेलियास गेले व त्यांनी तेथील हिंदी रहिवाशांची बाजू मांडली. ती परीक्षा १९५८ साली रद्द झाली आणि गोऱ्यांपुरते दार उघडे ठेवण्याचे धोरण १९७३ साली संपुष्टात आले. आज वर्णावरून कोणास अडविले जात नाही. तथापि दारातून आत जाण्याची एक रीत आहे, आणि रीत चुकली तर खरे नातेही बाहेर तिष्ठत राहते.

या घराला दारे दोन आहेत. अर्जदार ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर असताना अर्ज करतो, तेव्हा तो ८२० क्रमांकाच्या तात्पुरत्या आणि ८०१ क्रमांकाच्या कायम व्हिसासाठी असतो. अर्जदार त्या भूमीबाहेर असेल, तर हेच क्रमांक ३०९ आणि १०० असे होतात. दोन्ही प्रकारांत तात्पुरता व कायम असे दोन्ही अर्ज एकाच वेळी करावयाचे असतात, शुल्क एकदाच भरावयाचे असते, आणि कायम वास्तव्याचा विचार सामान्यतः अर्जाच्या तारखेपासून दोन वर्षांनी होतो. शुल्क नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक आहे, आणि अर्ज फेटाळला गेला तर ते सामान्यतः परत मिळत नाही. म्हणून दार निवडतानाच विचार केलेला बरा.

येथे कित्येकांची फसगत होते. हल्ली अर्ज संगणकावरून क्षणात पाठविता येतो. साहजिकच माणसाला वाटते, की तो कोठूनही धाडला तरी काय बिघडते? परंतु अर्ज कोठून आला यापेक्षा अर्जदाराचे पाय त्या क्षणी कोठे होते, हे कायदा पाहतो. सुटीसाठी बालीला गेलेल्या माणसाने तेथून ८२० क्रमांकाचा अर्ज भरला, तर तो ग्राह्यच धरला जात नाही. तिसऱ्या देशात असणारा माणूसही ‘बाहेरचा’च ठरतो, आणि त्याच्यासाठी ३०९ क्रमांकाचे दार आहे.

आता असे समजू, की साताऱ्याची एक मुलगी विद्यार्थिनी म्हणून मेलबर्नला गेली, तेथील नागरिक असलेल्या तरुणाशी तिचा विवाह झाला, आणि तिने तेथेच राहून अर्ज केला. निकाल लागेपर्यंत तिला ‘ब्रिजिंग व्हिसा ए’ मिळतो. ब्रिजिंग म्हणजे पूल. विद्यार्थिनीचा व्हिसा संपला, की हा पूल तिच्या पायांखाली येतो. त्याच्या बळावर ती कायदेशीरपणे तेथे राहते, नोकरीही करू शकते. सारे सुरळीत चालले असता एके रात्री वडिलांचा फोन येतो, “बाळ, आईला इस्पितळात ठेवले आहे. जमेल तसे ये.” मुलगी मिळेल त्या विमानाने निघते. आई भेटते, तिला उतार पडतो, आणि परतीच्या वेळी मुलीला कळते, की ऑस्ट्रेलियाचा किनारा सोडताच तो पूल मागे कोसळला. ‘ए’ व्हिसा केवळ राहण्यापुरता होता. परतण्याचा हक्क त्यात नव्हता. मूळ अर्ज तेवढ्याने रद्द होत नाही, पण नवऱ्याकडे जाण्यास आता दुसरा व्हिसा मागावा लागतो, आणि तो मिळेपर्यंत घर, नोकरी, संसार सारे पलीकडे राहते.

यावर उपाय आहे. निघण्यापूर्वी, ऑस्ट्रेलियात असतानाच, ‘ब्रिजिंग व्हिसा बी’ मागावा. त्यासाठी प्रवासाचे सबळ कारण द्यावे लागते. आईच्या दुखण्याचे डॉक्टरांचे पत्र अशा वेळी उपयोगी पडते. या व्हिसावर प्रवासाची मुदत लिहिलेली असते व तिच्या आत परतावे लागते. ठरलेल्या प्रवासासाठी तो काही आठवडे आधी मागणे शहाणपणाचे.

बाहेरून अर्ज करणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. त्यांस असा पूल मिळत नाही. पर्यटकाच्या व्हिसावर ते मधून मधून भेटीस जाऊ शकतात. परंतु त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, आणि त्यावर ८५०३ क्रमांकाची अट घातलेली असेल, तर तेथे राहून बहुतेक दुसरे व्हिसा मागता येत नाहीत. उलटपक्षी, माहेरी म्हातारे आजारी आईवडील असतील, तर हेच दार सोयीचे पडते, कारण आईच्या उशाशी बसण्याला कोणाची परवानगी लागत नाही. आतले दार जोडीदाराचा सहवास देते, बाहेरचे दार माहेरची मोकळीक देते. कोणत्या घराला आपली अधिक गरज आहे, हे अर्जाचा कागद पुढे ओढण्यापूर्वी नवराबायकोने एकत्र बसून ठरवावे.

दूर राहिल्याने नाते खोटे ठरेल काय, अशी भीती पुष्कळांना वाटते. ती अनाठायी आहे. पतिपत्नी एकत्र राहत असावीत, अथवा निदान कायमची विभक्त राहत नसावीत, एवढीच त्या कायद्याची अपेक्षा आहे. मात्र नात्याचा पुरावा चार अंगांनी पाहिला जातो: पैशाचा व्यवहार, घराची व्यवस्था, समाजातील ओळख आणि परस्परांशी असलेली बांधिलकी. लग्नपत्रिका व फोटो ठेवावेतच, पण विवाह नोंदणीचा दाखला हवा. दूर असतानाचे निरोप, फोनची नोंद, पाठविलेले पैसे, प्रवासाची तिकिटे जपून ठेवावीत. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर जोडावे. गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात एकूण बारा महिने वास्तव्य झाले, तेथील पोलीस दाखलाही लागतो. आपल्याकडे तो पासपोर्ट कार्यालयातून मिळतो. विवाह न करता एकत्र राहणाऱ्या जोडीदारांनाही हा मार्ग खुला आहे. त्यांस साधारणतः अर्जापूर्वीचे बारा महिन्यांचे सहजीवन दाखवावे लागते.

शेवटी एक गोष्ट. कायम वास्तव्य मिळाले, तरी त्याबरोबरची प्रवासाची मुभा पाच वर्षांचीच असते. ती संपल्यावर बाहेर जाऊन परतावयाचे, तर ‘रेसिडेंट रिटर्न’ नावाचा व्हिसा घ्यावा लागतो. राहण्याचा हक्क आणि परतण्याचा हक्क हे दोन निराळे आहेत, हे तेथेही विसरून चालत नाही.

आपल्याकडे म्हण आहे, आधी शिदोरी, मग जेजुरी. मुलगी परदेशी नांदत असेल, तर तिच्या शिदोरीत परतीच्या परवानगीचा कागद आहे की नाही, हे आईवडिलांनीही एकदा विचारावे. लेक धावत यावी, असे प्रत्येक आईला वाटते. ती आपल्या संसारात सुखरूप परत पोहोचावी, असेही त्याच आईला वाटत असते.