जाहिरातीत काय गाळले आहे?
(मंडळाच्या सभेतील भाषण)



आपण पिढ्यान्‌पिढ्या भोपाळात राहणारी माणसे. जाहिरात आणि वस्तुस्थिती यांतले अंतर किती महाग पडते, हे आपल्याला निराळे सांगायला नको. १९६२ साली युनियन कार्बाइडने एका अमेरिकन मासिकात जाहिरात दिली होती. एक भला मोठा हात भारतातल्या शेतावर तांबडे रसायन ओततो आहे आणि विज्ञान नवा भारत घडवते आहे, असा तिचा आशय. पुढे याच कंपनीच्या आपल्या गावातल्या कारखान्यात ‘सेव्हिन’ हे कीटकनाशक तयार होऊ लागले. त्यासाठी साठवलेले रसायन किती घातक आहे, हे शेजारच्या वस्त्यांना कुणी समजावले नव्हते. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री ते कळले.

साबण-क्रीमच्या जाहिरातींची त्या रात्रीशी तुलना नाही. पण रीत तीच : सोयीचे ते ठळक, गैरसोयीचे ते गाळलेले. म्हणून काय गाळले आहे, ते आधी शोधावे.

‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ यातला ‘पर्यंत’ नीट वाचा. एका वस्तूवर ५० आणि बाकीच्यांवर ५ टक्के सूट दिली, तरी वाक्य खरेच ठरते! ‘९९.९ टक्के जंतू नष्ट’ म्हणजे कोणते जंतू, किती वेळात, कुठल्या चाचणीत? ‘१०० टक्के फळांचा रस’ म्हणाल, तर आटवलेल्या रसात पाणी घालून केलेल्या रसांवरचा हा दावा काढून टाका, असा आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये दिला.

सर्वांत जपायचे ते औषधांच्या बाबतीत. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याखाली बंदी आहे. तरी ‘शुगर मुळापासून जाईल’ हे वाचून घरातले वडीलधारे चालू गोळ्या सोडतात. पैसे गेले तर पुन्हा मिळतील. डोळे, मूत्रपिंड गेले तर काय? पतंजलीच्या प्रकरणात २०२४ साली कंपनीने वृत्तपत्रांतून माफी मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने विचारले, माफीचा आकार तुमच्या जाहिरातींएवढा आहे का? प्रश्न मार्मिक होता.

कायदा आज आपल्या बाजूने आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरातीत झळकणारा नटही त्यातून सुटत नाही. पण तक्रारच झाली नाही, तर कायदा काय करणार? आपण मराठी माणसे घरात तावातावाने बोलतो आणि दाराबाहेर गप्प बसतो.

तेव्हा एवढे करू या. बिल, वेष्टन आणि जाहिरातीचे कात्रण जपून ठेवू, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू आणि शेजाऱ्यालाही सांगू. न विचारण्याची किंमत या शहराने एकदा मोजली आहे. आता विचारायला शिकू या.