सजावट मनासारखी, सामान कोठारातले

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. तेव्हापासून एकच प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. ‘आमचा संगणक ठणठणीत आहे, पण विंडोज ११ त्यावर चढत नाही. आता तो भंगारात द्यायचा का?’ मी सांगतो, एवढी घाई नको. आधी त्यावर लिनक्स चालवून पाहा. लिनक्स मिंट या प्रणालीला निदान २ जीबी मेमरी लागते आणि ४ जीबी असली की ती सुखाने चालते. तिला पैसे पडत नाहीत.

पहिली पायरी बिनधोक आहे. लिनक्स भरलेल्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करता येतो. आतल्या डिस्कला तेव्हा धक्का लागत नाही. वायफाय, प्रिंटर, स्कॅनर चालतात का, हे तिथेच कळते. तुमच्या धंद्याचे एखादे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवरच चालत असेल, तर त्याची सोय आधी बघा. आणि प्रत्यक्ष बसवण्यापूर्वी फोटो व कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून ठेवा, कारण बसवताना डिस्क पुसली जाऊ शकते.

लिनक्स बसले की दोन कामे उरतात. संगणक आपल्या सवयीचा करून घ्यायचा आणि हवे ते सॉफ्टवेअर त्यात घालायचे. ही दोन्ही कामे सारखीच वाटतात, पण त्यांच्यात फार मोठा फरक आहे.

सजावटीचे काम अगदी बेलाशक करावे. पडद्यावरची पट्टी खाली हवी की वर, अक्षर केवढे हवे, पार्श्वभूमी काळी की पांढरी, हे सगळे बदलता येते. कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट जोडले की मराठी टंकलेखन सुरू होते. या आवडीनिवडी ज्याच्या त्याच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये साठवल्या जातात. त्यामुळे एकाच संगणकावर आजोबांच्या खात्यात मोठी अक्षरे राहतात आणि नातीच्या खात्यात तिची काळी पार्श्वभूमी. तिथे काही बिघडले तरी ते त्या खात्यापुरते, आणि त्यासाठी बहुधा पासवर्डही लागत नाही.

सॉफ्टवेअर घालताना मात्र संगणक पासवर्ड विचारतो. ही साऱ्या घराची किल्ली आहे. विंडोजवर आपल्याला सवय असते ती इंटरनेटवर शोधायचे, फाइल उतरवायची आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जायचे, अशी. लिनक्सची रीत वेगळी आहे. प्रत्येक प्रणालीचे स्वतःचे एक कोठार असते. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनच्या कोठारात आज साठ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. मिंटमध्ये ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’ उघडायचा, नाव शोधायचे, बटण दाबायचे. एखाद्या पॅकेजला आणखी चार पॅकेजांची गरज असेल, तर तीही आपोआप येतात. त्यांच्यावरची डिजिटल सही तपासली जाते. पुढे या साऱ्यांच्या दुरुस्त्याही एकाच ठिकाणाहून येतात.

कोठार म्हणजे अभेद्य किल्ला, असे मात्र नाही. २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्याशा पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला. ‘जिया तान’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी आधी दोनेक वर्षे मदतीचे काम करून विश्वास मिळवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना जेमतेम अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले. त्याने पाठपुरावा केला आणि बिंग फुटले. डेबियनच्या चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंत तो माल पोचला होता, पण सर्वसामान्यांसाठीच्या स्थिर आवृत्तीत शिरला नव्हता. नवा माल आधी चाचणीत ठेवायचा, ही पद्धत तिथे कामी आली. आणि मूळ मजकूर सर्वांना खुला असल्यामुळे एका बाहेरच्या माणसाला तो तपासता आला.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. स्थिर आवृत्तीच घ्या. जे हवे ते आधी कोठारात शोधा. तिथे नसेल, तर ते बनवणाऱ्यांच्या अधिकृत जागी जा. कुठेतरी वाचलेला, ‘सुडो’ने सुरू होणारा आदेश अर्थ न कळता आपल्या संगणकावर उतरवू नका. ‘सुडो’ म्हणजे तीच साऱ्या घराची किल्ली. दुरुस्त्या आल्याची सूचना दिसली की त्या लगेच घ्या. एवढे पाळलेत, तर भंगारात निघालेला संगणक घरातल्या मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार आणि हिशेब आणखी काही वर्षे सहज सांभाळील.