गावाच्या आराखड्यात म्हातारी माणसं



दोन ऑक्टोबरची ग्रामसभा जवळ आली की ग्रामपंचायतीत पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची लगबग सुरू होते. पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो तेव्हा हे आराखडे तपासणं माझंच काम होतं. रस्ता, गटार, नळपाणी, अंगणवाडीची दुरुस्ती, अशी पानंच्या पानं. त्यात ज्येष्ठांचा उल्लेख आलाच तर एखाद्या ओळीत यायचा. ‘विरंगुळा केंद्र बांधणे’ किंवा ‘बाकडी बसवणे’.

बाकड्यांशी माझं वैर नाही. पण आपल्याकडचं सिमेंटचं बाकडं नीट बघा. बऱ्याचदा त्याला हात नसतात, पाठही असेलच असं नाही, देणाऱ्याचं नाव मात्र ठळक असतं. पंचाहत्तरीतला माणूस त्यावर बसेल हो, पण उठताना धरायचं काय? मग बाकड्यावर पोरं मोबाइल बघत बसतात आणि आजोबा देवळाच्या पायरीवर टेकतात, कारण तिथे उठायला खांब असतो. आधी त्यांना विचारलं असतं तर त्याच पैशात कामाचं बाकडं आलं असतं.

आता ग्रामपंचायतींनी आराखडा नऊ संकल्पनांवर करायचा असतो. त्यात बालस्नेही गाव आहे, महिलास्नेही गाव आहे. ज्येष्ठांना मात्र स्वतंत्र घर नाही, ते ‘सामाजिकदृष्ट्या सुरक्षित गाव’ या मोठ्या छपराखाली इतरांबरोबर बसलेले. म्हणजे कोणी आठवण करून दिली नाही तर ते राहून जाणार. ही आठवण करून कशी द्यायची, तेवढंच आज सांगतो.

पहिलं काम मोजणीचं. आपल्या गावात साठीच्या पुढचे किती, ऐंशीच्या पुढचे किती, हे सरपंचांना विचारून बघा. बहुतेक ठिकाणी ‘असतील बरेच’ असं उत्तर येईल. खरं तर मतदार यादीत प्रत्येकाचं वय छापलेलं असतं. ती यादी घेऊन दोघातिघांनी एक दुपार बसलं तर कच्चा आकडा हाती येतो. कच्चा म्हणतो, कारण त्या पिढीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून लावलेली! पुढची माहिती आशाताईंकडे असते. एकटं कोण राहतं, अंथरुणाला कोण खिळलंय, कोणाची मुलं मुंबईला आहेत आणि गणपती-शिमग्यालाच येतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. वाडीवार असा एक कागद झाला की अर्धा आराखडा झाला असं समजा.

हे जमणार नाही असं कोणी म्हणालं तर त्याला निवडणुकीची आठवण करून द्या. २०२४च्या लोकसभेला ८५ वर्षांवरच्या मतदारांना घरी बसून मत देता आलं. कर्मचारी अर्ज घेऊन दारात आले, नंतर मतपत्रिका घेऊनही आले. मतदान केंद्रावर उतरता रॅम्प होता, चाकाची खुर्ची होती. याद्या काढून दारापर्यंत जाता येतं हे सरकारी यंत्रणेने स्वतःच दाखवून दिलंय. मत न्यायला येता येतं, मग रक्तदाब बघायला का येऊ नये?

आता जागेवरची गोष्ट. आपल्या कोकणात वाडीतून खालच्या रस्त्याला यायचं तर पाखाडी उतरावी लागते. घाटावरच्या श्रोत्यांसाठी सांगतो, जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्यांची ही वाट. ग्रामपंचायत पाखाडी बांधते, उद्घाटन होतं, नारळ फुटतो. एक पायरी वीतभर उंच, पुढची दीड वीत. पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि कडेला धरायला काही नसतं. कित्येक म्हातारी माणसं जूनपासून दिवाळीपर्यंत वाडीतच अडकून पडतात, ती या पायऱ्यांच्या भीतीने. तेव्हा अंदाजपत्रक होतानाच एका बाजूला पाइपाचा कठडा, सारख्या उंचीच्या पायऱ्या आणि मध्ये टेकायला एक ओटा मागून घ्या. एकदा काम पुरं झालं की नंतर कठड्यासाठी कोणी वेगळा निधी देत नाही, हा माझा अनुभव.

पैसे कुठून येतात? पंधराव्या वित्त आयोगाचा जो निधी २०२१ ते २०२६ साठी ठरला, त्यातला ८० टक्के वाटा आपल्या राज्यात थेट ग्रामपंचायतीला मिळत होता. त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले होते. म्हणून बाजाराच्या जागेतल्या सार्वजनिक शौचालयात एक कमोड आणि भिंतीला दांडा हवा असेल तर ती मागणी स्वच्छतेत बसवा. पाखाडीचा कठडा उरलेल्या अबंधित भागात मागता येतो. निधीचं नाव बदलतं, टक्के बदलतात. मागणी कुठल्या शीर्षाखाली बसते हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आधीच विचारून ठेवावं.

पण माझं खरं म्हणणं पुढचं आहे. ज्येष्ठांना लागणाऱ्या पुष्कळ सेवांना बांधकाम लागतच नाही, वेळापत्रक लागतं. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १५०० रुपये घ्या. ते आणायला तालुक्याला जायचं, रिक्षाला पैसे मोजायचे आणि तिथे यंत्रावर अंगठा उठत नाही, कारण जन्मभर भात लावून नि चिरे वाहून बोटांच्या रेषाच झिजल्यात. बँकमित्राने महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी वाडीत बसावं, एवढं पत्र ग्रामपंचायतीने बँकेला द्यायचं आणि त्याचा पाठपुरावा करायचा. हयातीचे दाखलेही वाडीतच भरून घ्यायचे. त्यात खर्च काय, तर एक टेबल आणि दोन खुर्च्या.

दवाखान्याचंही तसंच. वयोवृद्धांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम २०१० पासून आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस ज्येष्ठांची तपासणी आणि अंथरुणाला खिळलेल्यांकडे घरभेट हे त्यात अपेक्षित आहे. तो दिवस कोणता, हे गावात किती जणांना ठाऊक असतं? फलकावर लिहा, दवंडी द्या आणि त्या दिवशी एसटी कधी पोचते तेही बघा. पंचाहत्तरीच्या पुढे एसटीचा प्रवास फुकट आहे, पण गाडी दुपारी दोनला पोचत असेल आणि डॉक्टर बाराला उठत असतील तर त्या फुकटाचा काय उपयोग!

नगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्यांनी हेच सगळं आपल्या वॉर्डापुरतं धरावं. तिथे पाखाडीच्या जागी फूटपाथ आणि सिग्नल येतो, इतकंच.

घरात हाल होत असतील, मुलं बघत नसतील, तर तो प्रश्न आराखड्याचा नाही. त्यासाठी २००७ चा आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा आहे आणि अर्ज प्रांत कार्यालयात करायचा असतो. १४५६७ या ज्येष्ठांच्या मदतवाहिनीवर फोन केलात तर वाट दाखवतात, पैसे पडत नाहीत.

आता ग्रामसभेचं. तिथे नुसतं उठून बोलू नका. गोंगाटात तुमचं बोलणं इतिवृत्तात जाईलच असं नाही. सप्टेंबरातच लेखी अर्ज द्या. पाच-सात मागण्या न घालता दोनच घाला, एक बांधकामाची, एक वेळापत्रकाची. सोबत वाडीवार यादी जोडा. ज्यांना ग्रामसभेला चालत येणं जमत नाही त्यांच्या सह्या किंवा अंगठे त्यांच्या घरी जाऊन घ्या. सभेत ठराव वाचला जाईल तेव्हा सूचक आणि अनुमोदक म्हणून उभे राहणारे दोघे आधीच ठरवून ठेवा, त्यातली एक बाई असेल तर उत्तम. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक क्रमांक नि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.