एकटीचा खेळ, दोघींचा खेळ

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या निवासी शिबिरात 'बायका आणि फुरसत' या सत्रात केलेलं भाषण. शब्दांकन करताना थोडी काटछाट केली आहे.)



माझ्याआधी बोललेल्या दोघींनी भिशी, भजनी मंडळ आणि बायकांच्या सहली यांविषयी सांगितलं. मी कॉम्प्युटरवरच्या खेळांविषयी बोलणार आहे. 'हे काय मध्येच?' असं काहीजणींच्या चेहऱ्यावर मला इथूनही वाचता येतंय. हे खेळ तरुण मुलांचे, मारामारीचे, वेळ खाणारे, असा आपला समज आहे आणि तो अगदीच खोटा नाही. पण गेली बरीच वर्षं मी हे खेळ खेळते आहे. त्यातल्या एका उणिवेचा आपल्या आजच्या विषयाशी सरळ संबंध आहे, म्हणून हा विषय मी मागून घेतला.

मी म्हणते ते खेळ आहेत अद्भुत कथेचे. आपण एक पात्र घ्यायचं, त्याला नाव द्यायचं, आणि एका कल्पित मुलखात हिंडायचं. तिथे गावं असतात, बाजार असतात, भुयारं, राक्षस, जादू, भांडणं, राजकारण. कोणाला मदत करायची, कोणाशी खोटं बोलायचं हे आपण ठरवायचं आणि त्याप्रमाणे गोष्ट वळत जाते. एक खेळ संपायला पन्नास-शंभर तास सहज लागतात. कादंबरी वाचण्यासारखंच ते, फक्त कादंबरीत आपल्याला विचारत नाहीत. आणि यातले बहुतेक खेळ एकट्याने खेळायचे असतात. एवढा मोठा मुलूख, डोंगरावर पोचल्यावर खाली दिसणारं ते धुकं, आणि 'अगं, हे बघ!' म्हणायला शेजारी कोणी नाही.

गंमत म्हणजे हे खेळ जन्माला आले ते घोळक्यात. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. त्याला कॉम्प्युटर लागत नव्हता. टेबलाभोवती चार-पाच जण बसायचे, एकजण गोष्ट सांगायचा, बाकीचे आपापलं पात्र होऊन 'मी दार उघडते', 'मी आधी कान लावते' असं बोलायचे. फासे टाकायचे. जेवणं व्हायची, वाद व्हायचे. पुढे कॉम्प्युटर आला आणि त्याने गोष्ट सांगणाऱ्याची जागा घेतली. ते ठीक होतं. पण हळूहळू त्याने सोबत्यांचीही जागा घेतली. १९८१ च्या 'विझर्ड्री' या खेळात सहाजणांची टोळी असे, आणि त्या सहाहीजणांना हलवणारा माणूस एकच!

याच काळातली आणखी एक हकीकत सांगते, कारण ती फार लोकांना ठाऊक नसते. अमेरिकेत केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची अतिप्रचंड गुहा आहे. शेजारच्या फ्लिंट रिजच्या गुहा तिला आतून जोडलेल्या आहेत की नाहीत हा जुना प्रश्न होता. १९७२ मध्ये ज्या मोहिमेने ती जोडवाट शोधली तिच्यात पॅट्रिशिया क्राउदर ही प्रोग्रॅमर बाई होती. त्याआधीच्या एका फेरीत एका अरुंद फटीतून ती पुढे सरकली आणि तिथूनच वाट सापडत गेली. तिचा नवरा विल क्राउदर हाही गुहांचा वेडा आणि कॉम्प्युटरवाला. पुढे त्यांचा घटस्फोट झाला. आपल्या दोन मुलींशी काहीतरी धागा राहावा म्हणून १९७५-७६ च्या सुमारास विलने त्या गुहेवर आधारलेला एक खेळ लिहिला. पडद्यावर नुसती अक्षरं. 'उत्तरेला जा', 'दिवा घे' असं आपण टाइप करायचं. कॉम्प्युटरवरच्या साहसकथांचा उगम म्हणून हा खेळ सांगितला जातो. म्हणजे ज्याला आपण एकट्याचा खेळ म्हणतो त्याच्या मुळाशीही कोणाची तरी सोबत हवी हीच ओढ होती. इतिहास सांगताना विलचं नाव घेतात, गुहेत सरपटत गेलेल्या पॅट्रिशियाचं क्वचित. हे तुम्हाला नवीन नाही.

आता आपल्याकडे बघू. आपल्या बायकांचे परंपरेतले खेळ आठवा. फुगडी एकटीला घालताच येत नाही. झिम्मा, पिंगा, भोंडला, सगळ्यांना सोबत लागते. मी त्यांचे गोडवे गाणार नाही. मंगळागौर सुवासिनींची, विधवेला, टाकलेलीला त्या रात्री कोण बोलवत होतं? खेळायची मुभा मिळायची ती व्रताच्या आडून. पण एक खरं की त्या जागरणात बाईला दुसऱ्या बाईचा हात धरून घामाघूम होईपर्यंत हसता येत होतं. लग्न झालं, बदली झाली, मुलं झाली की आपल्यापैकी कितीजणींनी मैत्रिणीबरोबर काही खेळलेलं आहे? मुलांशी खेळतो, ते मुलांसाठी.

माझी एक मैत्रीण आहे. कॉलेजपासूनची. ती आता दुसऱ्या शहरात असते. आम्ही दोघी 'स्कायरिम' नावाचा २०११ साली आलेला खेळ खेळतो. तो ठार एकट्याचा. त्यामुळे ती तिच्या घरी, मी माझ्या घरी, आणि मध्ये फोन. 'तू कुठे आहेस?' 'मी व्हाइटरनच्या वेशीपाशी.' 'अगं, त्या सोनाराला मी कालच फसवला.' पण तिच्या मुलखातला सोनार वेगळा, माझ्यातला वेगळा. तिने ज्याला वाचवलं तो माझ्याकडे मरून पडलेला असतो. दोन समांतर जगांतून आम्ही एकमेकींना पत्रं पाठवतो आहोत असं वाटतं. या खेळात सोबत म्हणून लिडिया नावाची एक योद्धी मिळते. मिळते म्हणजे काय, तिथला सरदार ती तुम्हाला बक्षीस म्हणून बहाल करतो! मग ती तुमची ओझी वाहत तुमच्यामागून फिरते. आम्ही दोघी त्यावर पोट धरून हसलो. आणि मग मैत्रीण म्हणाली, 'मला लिडिया नको गं, तू हवीस.'

हे फक्त आम्हालाच वाटतं असं समजू नका. याच खेळाच्या चाहत्यांनी स्वतःच्या वेळात खपून त्यात मित्रमैत्रिणींना एकत्र शिरता येईल अशी एक जोडणी तयार केली. तिची नवी आवृत्ती २०२२ मध्ये निघाली. कंपनीने दिलं नाही ते लोकांनी करून घेतलं. ती बसवायला मात्र बरीच तांत्रिक खटपट लागते आणि तेवढी आम्हा दोघींच्या आवाक्यात नाही.

कोणी म्हणेल, मग इंटरनेटवर हजारो लोक एकत्र खेळतात ते खेळ खेळा की. खेळून पाहिले. तिथे तोंड उघडलं आणि बाईचा आवाज ऐकू आला की काय काय ऐकावं लागतं ते मी इथे उच्चारणार नाही. हा काही माझा एकटीचा अनुभव नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत 'गेमरगेट' नावाने जे उसळलं त्यात या क्षेत्रातल्या बायकांना महिनोन्महिने बलात्काराच्या, खुनाच्या धमक्या आल्या. अनिता सार्कीशियन ही खेळांमधल्या स्त्री-प्रतिमांवर बोलणारी अभ्यासक. तिचं युटा राज्यातल्या विद्यापीठातलं भाषण त्या ऑक्टोबरमध्ये रद्द करावं लागलं. गोळीबाराची धमकी आली होती, आणि तिथल्या कायद्यामुळे सभागृहात पिस्तूल घेऊन येणाऱ्यांना अडवता येत नव्हतं. त्याच्याही आधी, २०१२ मध्ये, जेनिफर हेपलर या लेखिकेला असंच छळलं गेलं. तिचा गुन्हा काय? अशा खेळांच्या कथा लिहिणाऱ्या या बाईने २००६ च्या एका मुलाखतीत म्हटलं होतं की, ज्यांना लढाया नको आहेत त्यांना त्या टाळून नुसती कथा खेळता यावी. एवढंच.

म्हणजे बाजारात आपल्यापुढे दोन टोकं आहेत. एक तर संपूर्ण एकटं, नाही तर अनोळखी गर्दी. घर आणि रस्ता, यांत आपण आयुष्यभर जे पाहतो तेच. मला मधली जागा हवी आहे. ओसरी म्हणा, कट्टा म्हणा. माझी ओळखीची, विश्वासाची एक बाई आणि मी, एवढ्याच.

यात वेळेचा प्रश्न फार मोठा आहे आणि तो आपला जुना प्रश्न आहे. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि अशी कामं करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनी नऊ मिनिटं आपलीही वाचवून घेतली! मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं करणं यात धरलेलंच नाही. उरलेली फुरसत ती काय, तुकड्यातुकड्यांची. कुकरच्या तीन शिट्ट्यांच्या मधली. म्हणूनच बायकांना एकटीचा खेळ सोयीचा पडतो हेही मला कबूल आहे. सासूबाईंनी हाक मारली की तो थांबवता येतो. राक्षस तलवार उगारून जागच्या जागी उभा राहतो आणि आपण भाजी परतून येतो. दोघींच्या खेळात मी थांबले तर तिचंही जग थांबतं, किंवा माझं डोकं उडतं. दोघींना एकाच वेळी सलग दोन तास मोकळे मिळणं हे राक्षस मारण्यापेक्षा अवघड आहे, हे तुम्हाला मीटिंगांच्या तारखा ठरवताना रोज कळतंच.

खेळ बनवणाऱ्यांचीही अडचण समजून घेतली पाहिजे. या कथा बहुधा एका तारणहाराच्या असतात. भविष्यवाणी झालेली असते की अमुक एक येईल आणि जगाला वाचवेल. मग दुसरीला कुठे बसवणार? गावातला म्हातारा प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर कोणी द्यायचं? एकीला चोराला सोडायचंय, दुसरीला पकडून द्यायचंय, तर कोणाचं चालणार? एक डोंगरावर आणि एक बाजारात असेल तर दोन्हीकडे सगळं नीट चालतं का हे तपासत बसावं लागतं, त्यात खर्च वाढतो. यातला पैशाचा भाग मला पटतो. पण 'उत्तर कोणी द्यायचं' ही काही अशक्य गोष्ट आहे का? आपल्या कितीतरी गटांत अध्यक्ष नसते, दोघी-तिघी निमंत्रक असतात. कटकट होते, उशीर होतो, पण चालतं.

आणि ज्यांनी मनावर घेतलं त्यांना जमलेलं आहे. बेल्जियमच्या लॅरियन या कंपनीने २०१४ मध्ये 'डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन' काढला. त्यात मुळातच दोन नायक आहेत. दोघांचं मत जुळलं नाही तर दगड-कागद-कात्री खेळून निकाल लावायचा. मला हे इतकं आवडलं की काय सांगू! वाद दडपलेला नाही, तो खेळाचाच भाग केलेला आहे. त्यांचाच २०२३ चा 'बाल्डर्स गेट ३' चौघांना इंटरनेटवरून, किंवा दोघांना एकाच पडद्यासमोर बसून खेळता येतो. त्यातली लढाई पाळीपाळीने चालते. म्हणजे माझी पाळी आली की मी उठून दूध उतरवून येऊ शकते आणि कोणाचं डोकं उडत नाही. पाळीचा खेळ हा बायकांच्या वेळापत्रकाचा खेळ आहे, असं माझं मत झालं आहे.

एकाच पडद्यासमोर, हा मुद्दा साधा वाटला तरी पैशाचा आहे. इंटरनेटवरून दोघींनी खेळायचं तर बहुधा दोन कॉम्प्युटर हवेत आणि खेळही दोनदा विकत घ्यायला हवा. घरात मोबाइल असला तरी तो नक्की कोणाचा, हा प्रश्न आपल्या वस्त्यांमधल्या कितीतरी मुलींपुढे आहे. एक यंत्र, एक पडदा आणि दोघी, हे परवडतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ काढला. अनाथ मुलगी, डोंबारी-सर्कशीत कसरती करणारी, महाबलासुराच्या फौजेतून धाकट्या भावाला शोधायला निघते. आपल्या मातीतली नायिका, आणि ती देवीच्या वरदानाने का होईना, स्वतः लढते. फार देखणा खेळ आहे. पण तोही एकटीचा. राजीला एक मैत्रीण दिली असती तर, असं मला खेळताना सारखं वाटत होतं. भावाला शोधायला बहीण निघते ही गोष्ट आपण पुष्कळ ऐकली आहे. दोन मैत्रिणी काही शोधायला निघाल्या आहेत अशी गोष्ट कुठे ऐकली?

तोवर आम्ही एक जुनी युक्ती वापरतो. कॉम्प्युटर एकच. एकीने कळा दाबायच्या, दुसरीने शेजारी वही घेऊन नकाशा काढायचा, कोण काय म्हणालं ते टिपायचं आणि 'डावीकडे, डावीकडे!' असं ओरडायचं. तासाभराने जागा बदलायची. मैत्रीण माझ्याकडे राहायला येते तेव्हा आम्ही हे करतो. मग तिच्या घरून 'कधी येतेस?' असा फोन आला की ती म्हणते, 'थोडं काम राहिलंय.' मी तिला सांगते की काम म्हणू नकोस, खेळतेय म्हण. अजून तरी तिने तसं म्हटलेलं नाही.

माझी वेळ संपली, अशी चिठ्ठी आली आहे. मी लॅपटॉप आणला आहे आणि त्यात 'राजी' आहे. संध्याकाळच्या चहानंतर मागच्या खोलीत ज्यांना यायचं त्यांनी या. कळा एकीच्या हातात राहतील, बाकीच्यांनी ओरडायचं. नकाशासाठी वही मात्र कोणीतरी आणा, माझी भरली आहे.