सासूसमोर असं विचारतात का?



मी पांढुर्ण्याची. भोपाळला राज्यशास्त्र शिकते. तुमच्यापैकी कुणी बेळगाव-निपाणीचे, कुणी मुलताई-बऱ्हाणपूरचे. घरची भाषा एक आणि सरकारी अर्जाची दुसरी, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. म्हणून आजचा प्रश्न तुमच्यापुढे ठेवते. बायकांवरच्या हिंसेचा अभ्यास परदेशी आणि देशी संस्था मिळून करतात, तेव्हा उत्तर देणाऱ्या बाईचा त्यात हक्क काय?

१९९७ ते १९९९ या काळात 'इंडियासेफ' नावाचं मोठं सर्वेक्षण झालं. पैसा अमेरिकेच्या यूएसएडचा, काम भारतातल्या संशोधकांचं. सात ठिकाणं निवडली होती, त्यात भोपाळ होतं आणि आपलं नागपूरही. ९,९३८ बायकांशी बोलणं झालं. १०० पैकी ४० जणींनी नवऱ्याकडून मारहाण झाल्याचं सांगितलं. कौटुंबिक हिंसेविरुद्धचा कायदा २००५ साली आला, त्याच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा अशा आकड्यांची फार गरज होती. म्हणजे परदेशी भागीदारी मुळात वाईट, असं मी म्हणत नाही.

पण आकडा गोळा करतानाच बाईला मार बसू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली यासाठी नियम सांगितले. एका घरात एकाच बाईला विचारा. एकांतात विचारा. कुणी आलं तर लगेच विषय बदला. मदत कुठे मिळेल ते सांगा.

कागदावर हे सोपं वाटतं. मागच्या वर्षी मी एका सर्वेक्षणात फॉर्म भरायला गेले होते. फॉर्म हिंदीत, घर मराठी. सासू पाणी घेऊन आली आणि तिथेच बसली. मला त्या दिवशी दहा फॉर्म पूर्ण करायचे होते. मी विचारलं, "पति ने कभी हाथ उठाया?" ती म्हणाली, "नहीं." मी खूण केली. निघताना ती अंगणापर्यंत आली आणि हळूच मराठीत म्हणाली, "ताई, सासूसमोर असं विचारत असते का वो?"

तो "नाही" आजही कुठल्यातरी तक्त्यात असेल. चूक माझी होती. पण दिवसाला दहा फॉर्म हे गणित वरून ठरलं होतं, आणि ठरवताना त्या अंगणातलं कुणी तिथे नव्हतं.

भोपाळला हे दुखणं जुनं आहे. १९८४ च्या गॅसपीडितांसाठी उभ्या राहिलेल्या भोपाळ मेमोरियल हॉस्पिटलमध्ये परदेशी कंपन्यांच्या औषधांच्या चाचण्या झाल्या. आपल्यावर चाचणी चालू आहे हेच माहीत नव्हतं, असं काही रुग्णांनी नंतर सांगितलं. न समजलेल्या कागदावरच्या सहीला संमती कसं म्हणायचं?

आपल्यातले बरेच जण उद्या अशाच कामांना जातील. दुभाषे म्हणून आपल्यालाच बोलावतील. तेव्हा काम घेण्याआधी चार गोष्टी विचारा. प्रश्न तिच्या बोलीत आहेत का? दुभाषी तिच्या घरातली किंवा गल्लीतली तर नाही ना? तिने मदत मागितली तर त्याच दिवशी कुणाकडे न्यायचं? आणि अहवाल तिच्या भाषेत तिच्या गावात परत येणार का?

उत्तर मिळालं नाही, तर फॉर्म परत द्या. दिवसाची मजुरी बुडेल. पण ती बाई संध्याकाळी त्याच घरात राहणार असते, एवढं लक्षात ठेवा.