अमेरिकेहून ग्रेनेडाला
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी "परदेशातील अनुभव" असा विषय आम्हांला दिला, तेव्हा त्यांच्या मनात अमेरिका असावी. आम्ही त्यांना नम्रपणे कळविले की, अमेरिकेविषयी या व्यासपीठावरून पुष्कळांनी पुष्कळ सांगितले आहे. आम्ही सांगू ते अमेरिका सोडण्याविषयी. त्यांनी क्षणभर विचार केला व "तेही चालेल, लोक विचारतातच," असे उत्तर दिले.

लोक विचारतात हे खरे. गेल्या तीन वर्षांत आमच्याविषयी ज्या वार्ता ज्ञातीत पसरल्या, त्यांपैकी काही आमच्याही कानी आल्या. नोकरी गेली, पैसे बुडाले, उभयतांचे पटेनासे झाले, कोर्टाचे काही प्रकरण झाले, अशा त्या वार्ता. यांतील एकही खरी नाही. मनुष्य अमेरिकेतून आपण होऊन निघतो आणि पुण्याला परत न येता नकाशावर शोधावे लागेल अशा बेटावर जाऊन राहतो, हे कोणासही सहजासहजी पटत नाही, आणि पटू नये हे स्वाभाविकच आहे. आमचे आम्हांलाही पटावयास वेळ लागला.

आम्ही २०१० साली न्यू जर्सीतील एडिसन या गावी गेलो. तेथे इतकी मराठी कुटुंबे आहेत की, गणपतीत आरतीला उभे राहावयास जागा मिळत नाही. आमची कन्या तेव्हा सात वर्षांची होती. चिरंजीव २०१२ साली तेथेच जन्मले. आम्ही स्वतः संगणक अभियंता. सौभाग्यवती पॅथॉलॉजी विषयातील एम. डी. परंतु परदेशी पदवी घेतलेल्या डॉक्टरास तेथे परीक्षा देऊन पुन्हा काही वर्षे रुग्णालयात उमेदवारी करावी लागते. घर आणि दोन मुले सांभाळून ते जमले नाही. त्यांचे पदवीपत्र बारा वर्षे एका ट्रंकेत पडून होते. त्याविषयी त्या कधी बोलल्या नाहीत आणि आम्ही कधी विचारले नाही. हे आम्हांस भूषणावह नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता ज्यामुळे हे सारे घडले त्या कागदाकडे वळू. आम्ही तेथे एच-वन-बी या परवान्यावर होतो. कायमच्या वास्तव्याचा, म्हणजे ग्रीन कार्डाचा, अर्ज नोकरी देणाऱ्याने करावयाचा असतो. आमच्या कंपनीने "पुढच्या वर्षी पाहू" म्हणत पाच वर्षे घालविली आणि २०१५ साली तो अर्ज केला. नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या या कार्डांपैकी कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सामान्यतः ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही, असा तेथील कायदा आहे. भारतात जन्मलेले अर्जदार लक्षावधी, त्यामुळे ही रांग अनेक वर्षांची झाली आहे. रांगेत उभे राहण्याचे आम्हांस वावडे नव्हते. पण मूल २१ वर्षांचे झाले की ते आईबापांच्या परवान्यातून बाहेर पडते. त्याने स्वतःची वेगळी सोय करावी, अन्यथा देश सोडावा.

आमची कन्या ५ जुलै २०२४ रोजी २१ वर्षांची होणार होती.

एकाच घरात, एकाच ताटलीतले खाणारी दोन भावंडे. त्यांतील धाकटा जन्माने त्या देशाचा नागरिक आणि थोरली पाहुणी. धाकट्यास हे बरेच दिवस ठाऊक नव्हते. थोरलीस मात्र दहाव्या वर्षापासून ठाऊक होते, आणि तिने ते आम्हांस कळू दिले नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या मंडळाच्या वधूवर-सूचीत "अमेरिकेत नोकरी" असा उल्लेख आला की, बाकीच्या रकान्यांकडे कोणी फारसे पाहत नाही. त्या नोकरीमागे कोणता कागद आहे, तो कोणत्या सालचा आहे, एवढे तरी मुलीच्या वडिलांनी विचारून घ्यावे. त्यात संकोच मानण्याचे कारण नाही. आमचे तीर्थरूप २०१७ साली निवर्तले, त्या वेळी आमच्या परवान्याचे नूतनीकरण चालू होते. बाहेर पडलो असतो तर परत प्रवेश मिळेलच याची खात्री कोणी देईना. दहाव्याचे मंत्र आम्ही दूरध्वनीवरून ऐकले. असो.

२०२२ च्या फेब्रुवारीत एके रात्री जेवणे आटोपल्यावर सौभाग्यवतींनी एक पत्र आमच्यापुढे ठेवले. ग्रेनेडातील वैद्यकीय विद्यापीठात पॅथॉलॉजी शिकविण्याच्या जागेवर त्यांची नेमणूक झाली होती. अर्ज त्यांनी आम्हांस न सांगताच केला होता. "कन्येला आणखी दोन वर्षांनी येथून कोणी जा म्हणण्याआधी आपण चौघे मिळून निघू," एवढेच त्या म्हणाल्या. पुण्याला परत का न जावे, हा प्रश्न आम्ही केला. त्यांचे उत्तर सरळ होते. बारा वर्षे विषयापासून दूर राहिलेल्या स्त्रीस पुण्यात कोण जागा देणार? येथे ती कोणी दिली आहे.

ग्रेनेडा हा कॅरिबियन समुद्राच्या पूर्व कडेवरील, व्हेनेझुएलाच्या उत्तरेचा एक देश. कॅरिअकू व पेटिट मार्टिनिक ही छोटी बेटे धरून त्याचे क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहून थोडे अधिक. वस्ती सव्वा लाखाच्या आत. १९७४ साली तो इंग्रजांपासून स्वतंत्र झाला. त्याच्या राष्ट्रध्वजावर जायफळ आहे. आमच्या चिरंजिवांस या सर्व माहितीत तेवढेच आवडले.

कन्येस काहीच आवडले नाही. तिचे महाविद्यालयातील पहिले वर्ष चालू होते, मैत्रिणी होत्या. तिने आम्हांस बजावले, "तुम्ही माझ्यासाठी जाता आहात असे कोणालाही सांगू नका. मी तुम्हाला जा म्हटलेले नाही." हे वाक्य ऐकून घेण्यापलीकडे आमच्याजवळ इलाज नव्हता, कारण ते खरेच होते.

घर विकले. त्या बेटावर परदेशस्थ नातलग सामान पाठवितात ते मोठ्या पिंपांतून. आम्हीही तशीच सहा पिंपे भरून बोटीने पाठविली. त्यांतील निम्म्या वस्तू निरुपयोगी ठरल्या. अमेरिकेतील वीज १२० व्होल्टची. ग्रेनेडात ती आपल्यासारखीच २३० व्होल्टची. बारा वर्षांत हौसेने घेतलेली तेथील यंत्रे ट्रान्सफॉर्मरवाचून चालेनात. उलट, लग्नात मिळालेला व अमेरिकेत माळ्यावर पडून राहिलेला मिक्सर, केवळ टोकाचा प्लग बदलताच, पहिल्या दिवसापासून घरघरू लागला. सौभाग्यवतींनी त्या दिवशी खोबऱ्याची चटणी केली. ट्रंकेतले पदवीपत्रही त्याच आठवड्यात बाहेर निघाले.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये आम्ही ज्या विमानतळावर उतरलो त्यास मॉरिस बिशप यांचे नाव आहे. हे तेथील पंतप्रधान. ऑक्टोबर १९८३ मध्ये त्यांच्याच पक्षातील फुटीत त्यांना गोळ्या घालण्यात आल्या आणि सहाच दिवसांनी अमेरिकेचे सैन्य बेटावर उतरले. आपल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचे रक्षण करावयाचे आहे, हे त्या वेळी सांगितलेल्या कारणांतील एक. ज्या विद्यापीठाचे ते विद्यार्थी, तेथेच सौभाग्यवती शिकवावयास निघाल्या होत्या. विमानतळावर परकीयांची एक रांग होती, तीत आम्ही चौघे उभे राहिलो. धाकट्याने विचारले, "आपण सगळे एकाच रांगेत?" कन्या त्या दिवशी प्रथमच हसली, पण ते हसू कडवटच होते.

पहिले वर्ष कठीण गेले. परकीयास तेथे नोकरी करावयाची तर स्वतंत्र परवाना लागतो. तो सौभाग्यवतींना होता, आम्हांला नव्हता. जो मनुष्य बारा वर्षे घराचा पोशिंदा म्हणून वावरला, तो आता सकाळी डबा भरून पत्नीस निरोप देऊ लागला. हे सांगताना आजही आमची जीभ अडखळते. मिळकत पूर्वीच्या निम्म्याहून कमी झाली. बहुतेक माल बाहेरून बोटीने येतो, म्हणून दूध-लोण्यापासून सर्व महाग. उन्हाळ्यात नळास पाणी नसे. दुर्धर दुखण्यास त्रिनिदाद वा बार्बेडोस गाठावे लागते. यांतील काहीही आम्ही लपवीत नाही. कोणी आमचे अनुकरण करावे म्हणून आम्ही येथे उभे नाही.

स्वयंपाक आमच्या अंगावर आला आणि त्याबरोबर सेंट जॉर्जेसचा शनिवारचा बाजार. तेथे आम्हांला कोकण भेटले. कॅलालू म्हणून विकतात ते आपले अळू. ब्रेडफ्रूट म्हणजे आपला नीरफणस. हळद घातलेल्या नारळाच्या दुधात तो अळूसह शिजवितात, तो त्यांचा राष्ट्रीय पदार्थ होय. ते त्यात खारवलेले मांस घालतात, आम्ही ते वगळले. तुरीच्या ओल्या शेंगा मिळतात. नाताळात जे लाल पेय घरोघर होते, ते आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचे. आमचे आजोळ गुहागरकडचे. लहानपणी आजीने केलेले अळूचे फतफते एडिसनमध्ये बारा वर्षांत आम्ही एकदाही केले नव्हते.

आमच्या शेजारी एक वृद्ध बाई राहतात. आम्ही त्यांना आजी म्हणू लागलो, त्यांनीही तो शब्द उचलला. त्यांचे पणजोबा भारतातून आले. १ मे १८५७ रोजी, आपल्याकडे उठाव होण्याच्या नऊच दिवस आधी, कलकत्त्याहून निघालेले मेडस्टोन नावाचे जहाज ग्रेनेडास पोहोचले. त्यातून २८७ माणसे उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी उतरली. पुढेही काही जहाजे आली. ही माणसे बहुतांशी बिहार व आजच्या उत्तर प्रदेशाकडील. त्यांच्या वंशजांची भाषा गेली, बहुतेकांचा धर्मही बदलला. आजी दर रविवारी चर्चमध्ये जातात. पण रोटी भाजतात त्या भांड्याला त्या "तवा" म्हणतात, आणि हा शब्द आम्हांलाही ठाऊक आहे याचे त्यांना फार नवल वाटले.

एकदा त्यांनी विचारले, "तुम्ही किती वर्षांच्या करारावर आलात?" त्यांच्या पणजोबांचा करार पाच वर्षांचा होता. सौभाग्यवतींचा तीन वर्षांचा आहे असे आम्ही सांगितले व हसलो. आजी हसल्या नाहीत. "मुलीला बोलू द्या," एवढे म्हणून त्या आत गेल्या.

कन्येने त्याच विद्यापीठाच्या कला-विज्ञान शाखेत प्रवेश घेतला होता, पण वर्षभर ती घरात कामापुरतेच बोलत असे. आमचे एकमेकांशी बोलणे बहुतेक धाकट्यामार्फत चाले.

तेथील वृद्ध माणसे कालगणना वादळांवरून करतात, जसे पुण्यात कोणी पानशेतच्या पुरावरून करतात. आजींच्या बोलण्यात "जॅनेटपूर्वी" म्हणजे १९५५ च्या आधी आणि "आयव्हननंतर" म्हणजे २००४ नंतर. आयव्हनने ३९ माणसे मेली, दहांतील नऊ घरांची हानी झाली आणि जायफळाची बहुतेक झाडे उन्मळून पडली. जायफळाचे रोप फळावर यावयास सहा ते आठ वर्षे लागतात, आणि बियांपासून लावलेले झाड नर की मादी हे ते फुलल्याखेरीज कळत नाही. आजींनी आयव्हननंतर वयाच्या साठीत पुन्हा झाडे लावली.

१ जुलै २०२४ रोजी सकाळी बेरिल हे वादळ कॅरिअकूवर आदळले. खिडक्यांना फळ्या ठोकून, न्हाणीघरातील सर्व भांडी पाण्याने भरून आम्ही चौघे व आजी आतल्या खोलीत बसलो होतो. आमच्या भागात झाडे व छपरे गेली, वीज गेली. कॅरिअकूवर मात्र क्वचितच एखादे घर धडके राहिले. बातमी नीट कळावयास दीड-दोन दिवस लागले. ती कळताच कन्या वर्गबंधूंबरोबर बाहेर पडली. पाणी, ताडपत्र्या, औषधे गोळा करणे सुरू झाले. ती रात्री उशिरा घरी येई व आल्यावर बोलत बसे. वर्षभरानंतर आम्ही तिचा आवाज सलग ऐकला.

५ जुलैच्या पहाटे आम्ही तिला धक्क्यावर सोडावयास गेलो. न्यू जर्सीतील स्वयंपाकघरात जी तारीख आम्ही मनातल्या मनात वर्षानुवर्षे मोजली, ती ही. सौभाग्यवतींनी शिऱ्याचा डबा करून घेतला होता. वीज नव्हती, गॅसवर कसाबसा केलेला. बोटीत पाण्याच्या बाटल्यांची रास चढवीत असता कन्येने तो डबा घेतला, उघडून पाहिला व म्हणाली, "आज काय आहे?" तिच्या ध्यानात नव्हते. आम्ही सांगितल्यावर तिने कपाळावर हात मारला. बोट सुटेपर्यंत शिरा साऱ्या मंडळींत वाटून संपला होता.

सौभाग्यवतींचा करार यंदा पुढे वाढला आहे. आम्हांसही एका शाळेत गणित शिकविण्याचा परवाना मिळाला आहे. तो दर वर्षी नवा करावा लागतो. चिरंजीव क्रिकेट खेळू लागले आहेत, जे एडिसनमध्ये त्यांना कंटाळवाणे वाटे. कन्या आज येथे नाही. कॅरिअकूवर घरे पुन्हा उभारण्याचे काम अजून चालू आहे व सुटीत ती तेथे असते. आजींच्या झाडांची जायपत्री तिने आपणा सर्वांसाठी पाठविली आहे. पुड्या लहान आहेत, पण प्रत्येक घरास एक पुरेल. सभागृहाबाहेर डाव्या हाताच्या टेबलावर त्या ठेवल्या आहेत. जाताना घ्यावयास विसरू नये.